मॉडिफाय केलेली गाडी पीयूसीला नेण्याआधी

सोलापुरात गाडीवर जीव टाकणारी मंडळी भरपूर आहेत. कुणी जुन्या हॅचबॅकला फ्री फ्लो सायलेन्सर आणि कोन फिल्टर लावतो, कुणी डिझेल एसयूव्ही रीमॅप करून, म्हणजे इंजिनच्या संगणकातली सेटिंग बदलून, आणतो, कुणी वडिलांची कार्बोरेटरवाली गाडी पुन्हा उभी करतो. पीयूसीची मुदत संपत आली की यातले बरेच जण एकच प्रश्न विचारतात, "कुठं सेटिंग होईल का?"

गाडी न तपासता कागद काढून घ्यायची ही सवय मला मनापासून खटकते. केंद्राने २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत सोलापूर आहे. ही हवा आपलीच पोरंबाळं श्वासात घेतात. शिवाय बहुतेक मॉडिफाय गाड्या नीट काम केलं तर खरोखर पास होतात, पिकअपही फारसा जात नाही. फक्त क्रम पाळावा लागतो. नवख्या माणसाची चूक तिथेच होते. तो आधी मिक्श्चरचा, म्हणजे हवा-इंधनाच्या मिश्रणाचा, स्क्रू फिरवतो आणि मग सायलेन्सरखाली बघतो.

आधी आरसी, मग पाना

तुमच्या गाडीला कोणती मर्यादा लागू आहे, हे आरसीवरच्या नोंदीवरून ठरतं. पीयूसी केंद्रातलं यंत्र वाहन पोर्टलला जोडलेलं असतं आणि इंधन, नोंदणीची तारीख, बीएसचा (भारत स्टेज, धुराच्या निकषांचा) टप्पा तिथूनच उचलतं. त्यामुळे पहिलं काम म्हणजे आरसी काढा आणि 'एमिशन नॉर्म्स'समोर काय लिहिलंय ते वाचा.

इथे सोलापूरकरांनी जास्त लक्ष द्यायला हवं. बीएस-४ देशभर लागू झालं १ एप्रिल २०१७ पासून. पण १ एप्रिल २०१० पासून ते आधी ज्या निवडक शहरांत आलं, त्यांत दिल्ली परिसर, मुंबई, पुणे यांच्या जोडीला सोलापूरही होतं. म्हणजे २०१२ ची सोलापूरची एमएच १३ गाडी बीएस-४ असू शकते आणि त्याच वर्षी त्याच मॉडेलची दुसऱ्या गावात नोंदलेली गाडी बीएस-३. जुनी गाडी बाहेरगावाहून घेतली असेल तर अंदाजाने चालू नका. नोंद चुकीची दिसली तर ती आधी आरटीओत दुरुस्त करून घ्या. नाहीतर तुमची बीएस-३ गाडी बीएस-४ च्या मापाने मोजली जाईल.

पेट्रोल चारचाकीचे आकडे असे आहेत. बीएस-२ च्याही आधीची गाडी असेल तर स्लोवर, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड (सीओ) ३ टक्के आणि हायड्रोकार्बन (एचसी) १५०० पीपीएमपर्यंत चालतं. बीएस-२ आणि बीएस-३ साठी ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. बीएस-४ पासून पुढे ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. शिवाय बीएस-४ पासून २५०० आरपीएमच्या आसपास रेस धरूनही मोजतात. तेव्हा सीओ ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३ च्या मध्ये हवा. हा लॅम्डा म्हणजे हवा आणि इंधनाचं प्रमाण. १ म्हणजे अचूक, त्याखाली पेट्रोल जास्त, त्यावर हवा जास्त.

नव्या गाडीला पहिलं वर्ष पीयूसी लागत नाही. त्यानंतर बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांचं प्रमाणपत्र वर्षभर चालतं, त्याआधीच्या गाड्यांचं सहा महिने.

कायद्यात काय बसतं

पीयूसी पास झाली म्हणजे मॉडिफिकेशन कायदेशीर झालं, असं समजू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं. इंजिन बदलायचं असेल किंवा सीएनजी किट बसवायचं असेल तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. बेकायदा बदलासाठी कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलाला ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. प्रदूषण आणि आवाजाच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९० खाली दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो. कर्कश सायलेन्सरवर पोलिसांची कारवाई वेगळी होते, पीयूसीचा कागद तिथे कामाला येत नाही. म्हणून माझा सल्ला असा की, धूर आणि आवाज सांभाळणारे भाग मूळचे ठेवा आणि हौस बाकी ठिकाणी करा.

शेपटीकडून सुरुवात

काम सायलेन्सरच्या टोकापासून इंजिनकडे करत या.

इंजिन थंड असताना गाडी रॅम्पवर किंवा पक्क्या स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. गाडी चालू करून एकाला जाड फडकं सायलेन्सरच्या तोंडावर काही क्षण दाबून धरायला सांगा आणि तुम्ही प्रत्येक जॉइंटजवळ कान द्या. पाइप थंड आहे तोवर साबणाचं पाणी मारलं तर फुगे येतात. फ्लँजच्या कडेला काजळीची काळी रेघ दिसली तर तिथून गॅस निसटतोय, हे नक्की. फ्री फ्लो बसवताना बऱ्याचदा जुनं पॅकिंग तसंच ठेवलं जातं किंवा वेल्डिंगमध्ये बारीक भोक राहतं. गळती ऑक्सिजन सेन्सरच्या आधी, इंजिनच्या बाजूला असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, जास्त पेट्रोल सोडतो आणि सीओ चढतो. सेन्सरच्या नंतर, सायलेन्सरच्या बाजूला गळती असेल तर गॅस पातळ होऊन लॅम्डा १.०३ च्या वर जातो. पॅकिंग बदलायला फार खर्च येत नाही. हे काम आधी उरकलं नाही तर पुढचे सगळे आकडे फसवे येतात.

आता कॅटकॉन, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा. मॉडिफाय गाड्या नापास होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. आवाज मोकळा यावा म्हणून कॅट कापून सरळ पाइप टाकतात. काढलेल्या कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं आणि भंगारात त्याला चांगला भाव येतो. त्यामुळे "मालक, हा डबा काढून टाका, गाडी पळेल" असा सल्ला कुणी दिला तर तो डबा शेवटी कुणाकडे जाणार, तेही विचारा. कॅटशिवाय इंजिन कितीही नीट ट्यून केलं तरी बीएस-४ ची ०.३ टक्क्यांची मर्यादा गाठणं जवळपास अशक्य असतं. कॅट गेला असेल तर तो परत बसवा. याला दुसरा पर्याय नाही.

मूळ कॅट जपून ठेवला असेल तर उत्तम. बाजारातून घ्यायचा तर ४०० सेलचा, म्हणजे दाट जाळीचा घ्या. २०० सेलचा 'हाय फ्लो' कॅट वारा मोकळा सोडतो, पण काठावरच्या गाडीला स्लोवर पुरा पडत नाही. जागाही महत्त्वाची आहे. कॅट साधारण २५० ते ३०० अंशांना काम सुरू करतो. तो इंजिनपासून लांब, मागच्या सीटखाली वेल्ड केला तर टेस्टच्या वेळी थंडच राहतो. जुना कॅट घेत असाल तर एका बाजूने टॉर्च मारून दुसरीकडून जाळी बघा. जाळी वितळलेली किंवा बुजलेली नसावी आणि हातात हलवल्यावर आत काही खुळखुळू नये.

कॅट काढल्यावर चेक इंजिनचा दिवा पेटतो, म्हणून मागच्या सेन्सरला स्पेसर लावायची एक युक्ती गॅरेजमध्ये चालते. त्याने दिवा विझतो, पण पीयूसीचं यंत्र पाइपमधला प्रत्यक्ष गॅस मोजतं. त्याला स्पेसरशी काही देणंघेणं नाही.

स्कॅनर लावा

कॅट आणि पॅकिंग ठीक झालं की मिक्श्चरकडे वळा. इंजेक्शनवाली गाडी असेल तर मोबाइलला जोडणारा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर घ्या, तो काहीशे रुपयांत मिळतो. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर तीन गोष्टी बघा.

एक, फॉल्ट कोड. पी०१७१ म्हणजे मिक्श्चर पातळ, पी०१७२ म्हणजे जाड, पी०३०० च्या मालिकेतले कोड म्हणजे गाडी मिसिंग करतेय, पी०४२० म्हणजे कॅट दमलाय. टेस्टला जायच्या आधी कोड नुसते पुसून टाकू नका. पुसल्यावर ईसीयूने शिकलेलं ट्रिमही (पेट्रोल कमी-जास्त करायची दुरुस्ती) जातं आणि स्लो काही काळ अस्थिर राहतो.

दोन, पुढचा ऑक्सिजन सेन्सर. साध्या प्रकारचा असेल तर त्याचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या मध्ये सारखं वरखाली नाचायला हवं. एकाच आकड्यावर अडकला किंवा रेंगाळत हलला तर तो थकलाय. हेडर (इंजिनला जोडणारा बाहेरचा एक्झॉस्ट पाइप) बसवताना सेन्सरचं भोक मागे सरकवलं असेल तरी हेच होतं, कारण सेन्सर पुरेसा तापत नाही.

तीन, फ्युएल ट्रिम. शॉर्ट आणि लाँग दोन्हींची बेरीज उणे १० ते अधिक १० टक्क्यांच्या आत असेल तर काळजी नाही. अधिक २० असेल तर कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरतेय, मॅनिफोल्डचं पॅकिंग आणि व्हॅक्यूमचे पाइप तपासा. उणे २० असेल तर पेट्रोल जास्त येतंय. गळका इंजेक्टर, वाढलेलं प्रेशर किंवा न मागता बसवलेले मोठे इंजेक्टर असू शकतात.

रीमॅप केलेल्यांसाठी एक गोष्ट फार कामाची आहे. टेस्ट फक्त स्लोवर आणि २५०० आरपीएमवर, तीही लोड नसताना होते. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर मॅप कसाही असला तरी इथे फरक पडत नाही. म्हणून ट्यूनरला स्पष्ट सांगा, "स्लो आणि हलक्या लोडला क्लोज्ड लूप चालू ठेवा, लॅम्डाचं लक्ष्य १ ठेवा." क्लोज्ड लूप म्हणजे ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयूने पेट्रोल जुळवत राहणं. जाणत्या ट्यूनरला हे सहज जमतं आणि वरच्या टप्प्यातली ताकद तुमच्याकडेच राहते. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर फटाके वाजवणारा पॉप-बँग मॅप मात्र काढून टाका. त्यात न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये पेटतं आणि कॅटची जाळी वितळते. नवा कॅट टाकून तोच मॅप ठेवला तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच दुखणं.

हवेकडची बाजू आणि बाकीचं किडुकमिडुक

तेल लावायचा कोन फिल्टर असेल तर तेल बेताने लावा. जास्तीचं तेल आत येणारी हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरच्या तारेवर बसतं आणि हवेचं माप चुकतं. त्या सेन्सरचा वेगळा स्प्रे मिळतो, तोच वापरा. आपल्याकडची धूळ बघता कागदी फिल्टर पुस्तिकेत लिहिलंय त्याच्या आधीच बदलावा लागतो. टेस्टच्या आधी नवा टाकणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

इंजिन ऑइल जुनं असेल तर बदला. जाड मिक्श्चरवर चाललेल्या इंजिनच्या ऑइलमध्ये पेट्रोल मिसळतं आणि त्याची वाफ ब्रीदरमधून परत इंजिनात येऊन एचसी वाढवते. प्लग काढून बघा. कोरडी काळी काजळी म्हणजे जाड मिक्श्चर, तेलकट काळं म्हणजे ऑइल वर येतंय. ऑइल जळून निळा धूर येत असेल तर ट्यूनिंगने काही होणार नाही, व्हॉल्व्ह सील किंवा रिंगचं काम काढावंच लागेल.

मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) टाकलेल्या इंजिनला स्लोवर एचसी जास्त असतंच, कारण दोन्ही व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहतात. स्लो थोडा वाढवून आणि टायमिंग किंचित मागे घेऊन ते बऱ्यापैकी खाली येतं.

कार्बोरेटरवाल्यांनी इंधनाचा विचार करावा. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. सोलापूर जिल्ह्यात इतके साखर कारखाने आहेत, त्यामुळे इथेनॉलचा विषय आपल्याला नवा नाही. निव्वळ पेट्रोलला एक भाग इंधनामागे १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साधारण १३.५. ईसीयू हा फरक स्वतः भरून काढतो, कार्बोरेटरला ते जमत नाही. म्हणून जुन्या जेटवर गाडी पातळ चालते, मिसिंग करते आणि सीओ कमी असूनही एचसी चढतं. स्क्रू थोडा उघडा, पण यंत्रावर आकडा बघत बघतच. कानावर विसंबून नको.

डिझेल असेल तर

डिझेलला सीओ-एचसी मोजत नाहीत, धुराचा दाटपणा मोजतात. गिअर न्यूट्रल ठेवून अ‍ॅक्सिलरेटर एकदम शेवटपर्यंत दाबतात, इंजिन गव्हर्नरच्या वेगापर्यंत जातं, मग सोडतात, असं काही वेळा. मर्यादा बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांना २.४५ आणि बीएस-४ ला १.६२ प्रति मीटर. बीएस-६ ला याहून कडक.

ही टेस्ट इंजिनवर ताण टाकते. टायमिंग बेल्ट बदलायचा झाला असेल तर आधी तो बदला, मगच टेस्टला जा. पुढे एअर फिल्टर, इंटरकूलरच्या पाइपांचे क्लॅम्प आणि इंजेक्टर, या क्रमाने तपासा. टर्बोचा पाइप थोडा जरी निसटला असेल तरी हवा कमी पडून काळा धूर येतो. रीमॅपमध्ये धूर रोखणारी मर्यादा, स्मोक लिमिटर, ढिली केली असेल तर ट्यूनरकडून ती मूळच्या जवळ आणा. मागे काळा ढग सोडत जाणारी गाडी म्हणजे न जळलेलं डिझेल, त्यात ताकद काहीच नाही. बीएस-६ गाडीचा डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, काढला असेल तर तो परत बसवल्याशिवाय केंद्रात जाऊच नका.

सीएनजी किटवाल्यांनी आरसीवर इंधनाची नोंद आहे ना आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी करायची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) झालीय ना, ते बघावं. केंद्रात गाडी सीएनजीवर चालू आहे हे आधीच सांगा. सीएनजीच्या धुरात मिथेन जास्त असतो, म्हणून नियमाप्रमाणे मोजलेल्या एचसीला ०.३ ने गुणून हिशोब धरतात. यंत्रात चुकून पेट्रोल निवडलं गेलं तर चांगली गाडीही नापास दिसेल.

टेस्टच्या दिवशी

गाडी कडक गरम करून न्या. घरून दोन किलोमीटरवरच्या केंद्रात थंड गाडी नेली की कॅट झोपलेलाच असतो. पुणे नाक्यावरून बाळे, केगाव करत चिंचोळी एमआयडीसीच्या बाजूला निघा आणि सावळेश्वरचा टोलनाका येण्याआधी परत फिरा. एखादा गिअर खाली ठेवून ३००० आरपीएमच्या आसपास चालवा. डिझेलला तर हे हवंच, साचलेली काजळी निघून जाते. परत आल्यावर सात रस्त्याच्या गर्दीत अडकू नका. केंद्र हायवेच्या बाजूचंच निवडा आणि रांग असेल तर इंजिन बंद करू नका.

एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत सकाळी लवकर जा आणि जाताना टाकी फुल करू नका. उन्हात टाकीतली पेट्रोलची वाफ कॅनिस्टरमध्ये भरते आणि इंजिन ती स्लोवर ओढून घेतं, आकडा उगाच चढतो. एसी, दिवे, म्युझिक सिस्टिम बंद ठेवा.

यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये किमान ३० सेंटिमीटर आत जायला हवी. आखूड किंवा आत जाळी असलेल्या शोच्या टिपमध्ये ती जात नाही, बाहेरची हवा मिसळते आणि लॅम्डा चुकतो. टिप आधीच काढून ठेवा. टेस्ट करणारा घाईत असेल तर शांतपणे म्हणा, "दादा, नळी पूर्ण आत घाला आणि आकडा स्थिर होऊ द्या." स्क्रीन दाखवायलाही सांगा. नोंदणीतला मोबाइल नंबर चालू ठेवा, त्यावर ओटीपी येतो. नंबर प्लेटचा फोटोही काढतात, म्हणून प्लेट नियमातली हवी.

नापास झाली तर

२०२१ पासून नापास गाडीला रिजेक्शन स्लिप मिळते. ती मागून घ्या. दुरुस्तीचा नकाशा त्यातच असतो. सीओ जास्त आणि लॅम्डा ०.९७ च्या खाली असेल तर मिक्श्चर जाड आहे, सेन्सर, प्रेशर आणि मॅप बघा. सीओ कमी पण एचसी जास्त असेल तर कुठला तरी सिलिंडर नीट पेटत नाही, प्लग, कॉइल आणि व्हॅक्यूमची गळती तपासा. लॅम्डा अगदी १ वर आणि तरी सीओ, एचसी दोन्ही जास्त, तर मिक्श्चरला हात लावू नका, कॅट गेलाय किंवा थंड आहे. सीओ, एचसी दोन्ही आत आणि फक्त लॅम्डा १.०३ च्या वर, तर सायलेन्सरला भोक आहे किंवा नळी वरवर घातली होती.

स्लिप मिस्त्रीच्या हातात द्या आणि एका वेळी एकच बदल करायला सांगा. दुरुस्तीनंतर दुसऱ्या कुठल्याही अधिकृत केंद्रात नेली तरी चालते. पास झाल्यावर क्यूआर कोड असलेलं प्रमाणपत्र एमपरिवहन किंवा डिजिलॉकरवर आलंय का ते तिथेच उघडून बघा आणि त्यावरचे आकडे गाडीच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी सीओ ०.०५ वरून ०.२ वर आलेला दिसला, तर गाडी नापास व्हायच्या आधीच कॅट आणि सेन्सर तपासायला घेता येतील.